महाविद्यालयांतील संगणक : हिशेब तासांचा हवा

१४ ऑक्टोबर २०२५ या दिवशी मायक्रोसॉफ्ट कंपनीने आपल्या 'विंडोज-१०' या संगणक-प्रणालीला मोफत सुरक्षा-दुरुस्त्या पुरविणे थांबविले. वृत्तपत्राच्या आतल्या पानावर चार ओळींत मावणारी ही बातमी. परंतु महाविद्यालयांच्या खरेदी समित्यांपुढे तिने एक मोठा प्रश्न उभा केला आहे. या प्रणालीची जागा घेणारी 'विंडोज-११' चालविण्यासाठी कंपनीने ज्या अटी घातल्या आहेत, त्यांत इंटेलचा आठव्या पिढीचा, म्हणजे साधारणतः २०१७ नंतरचा प्रोसेसर आणि 'टीपीएम' नावाच्या सुरक्षा-चिपची दुसरी आवृत्ती यांचा समावेश होतो. आपल्या प्रयोगशाळांत ज्या यंत्रांवर मुले आजही सी आणि पायथन शिकत आहेत, कार्यालयात ज्यांच्यावर प्रवेशाची आणि शिष्यवृत्तीची कामे उरकली जात आहेत, त्यांपैकी पुष्कळ यंत्रे या कसोटीला उतरत नाहीत. त्यांत काही बिघाड झाला आहे म्हणावे, तर तसेही नाही. ती चालत आहेत आणि तरीही ती बाद ठरली आहेत.

अशा वेळी सर्वांत सोपा मार्ग म्हणजे सगळीच यंत्रे निर्लेखित करून नवी विकत घेणे. विक्रेत्यांना तो मार्ग प्रिय असणे स्वाभाविक आहे. वेतनेतर अनुदानाची ओढाताण सहन करणाऱ्या अनुदानित महाविद्यालयांना आणि शुल्कावरच सर्व भिस्त असलेल्या विनाअनुदानित तुकड्यांना तो परवडणारा नाही. दुसरा सोपा मार्ग म्हणजे काहीच न करणे आणि जुन्या प्रणालीवर कारभार चालू ठेवणे. त्यात विद्यार्थ्यांची व कर्मचाऱ्यांची खासगी माहिती उघड्यावर पडण्याचा धोका आहे. या दोन टोकांच्या मधला मार्ग शोधायचा असेल तर खरेदीपूर्वी विचारावयाचा प्रश्नच बदलला पाहिजे, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. 'संगणक किती आणि केवढ्याला?' हा प्रश्न आजवर आपण विचारीत आलो. 'त्या संगणकापुढे विद्यार्थ्याला किती तास बसावयास मिळतात आणि त्यातील प्रत्येक तास केवढ्याला पडतो?' हा प्रश्न मात्र क्वचितच कोणी विचारतो.

कारखानदाराचा हिशेब

हा प्रश्न कसा विचारावा हे शिकण्यासाठी सातपूरकरांना दूर जाण्याची गरज नाही. त्र्यंबक रस्त्यालगतच्या आपल्या औद्योगिक वसाहतीत मायको, म्हणजे आजची बॉश, महिंद्र, सिएट यांसारखे मोठे कारखाने आहेत आणि त्यांच्या कामावर उभी राहिलेली असंख्य लहान वर्कशॉपे आहेत. अशा वर्कशॉपचा मालक नवी सीएनसी लेथ घेण्याचा विचार करतो, तेव्हा तिच्या किमतीपाशी तो थांबत नाही. ती दिवसातून किती तास चालेल, दुसऱ्या पाळीला पुरेल एवढे काम हाती आहे काय, ती बंद पडली तर दुरुस्त करणारा माणूस किती वेळात येईल, विजेचा आणि हत्यारांचा खर्च किती, अशी सगळी बेरीज करून तो 'मशीन-आवर रेट' काढतो. चार तास चालणारी स्वस्त लेथ सोळा तास चालणाऱ्या महाग लेथपेक्षा अखेरीस महागात पडते, हे त्याला अर्थशास्त्राच्या कोणत्याही पाठ्यपुस्तकाने शिकविलेले नसते.

हाच हिशेब महाविद्यालयाला लावून पाहू. पुढील आकडे केवळ उदाहरणादाखल धरलेले आहेत. समजा, एक संगणक करासह ४५ हजार रुपयांना घेतला आणि तो पाच वर्षे टिकला. वीज, जोडणी व दुरुस्ती यांसाठी वर्षाला पाच हजार रुपये लागले. एकूण खर्च ७० हजार झाला. तो वर्षातून १५० दिवस, रोज दोन तास वापरला गेला तर पाच वर्षांत १,५०० तास भरतात. म्हणजे एक तास सुमारे ४७ रुपयांना पडला. आता तेच यंत्र वर्षातून २२० दिवस, रोज आठ तास उघडे ठेवले आणि अधिक वापरामुळे वार्षिक खर्च आठ हजारांवर गेला असे धरू. एकूण खर्च ८५ हजार, तास ८,८००. तासाचा दर दहा रुपयांच्याही आत आला. यंत्र तेच, किंमत तीच, आणि शिक्षणाचा खर्च जवळजवळ एक-पंचमांश. कोणत्याही विक्रेत्याशी कितीही घासाघीस केली तरी एवढी सूट मिळणार नाही.

यात आणखी एक भर आहे. संगणकावर १८ टक्के वस्तू व सेवा कर लागतो. कारखानदार यंत्रावर भरलेला कर आपल्या मालावरील करातून वळता करून घेऊ शकतो. शिक्षणसेवा करमुक्त असल्यामुळे महाविद्यालयाला मात्र तशी वजावट मिळत नाही. वरच्या उदाहरणातील ४५ हजारांपैकी सुमारे ६,८६४ रुपये हे केवळ कराचे असून ते सरळ खर्चातच जमा होतात. सातपूरमधल्या दोन शेजारच्या इमारतींत तेच यंत्र आले, तरी ते कारखान्यापेक्षा महाविद्यालयाला महाग पडते. मग ते कारखान्यापेक्षा कमी तास चालावे, हे कोणत्या शहाणपणात बसते?

जे मोजले जाते, तेच घेतले जाते

महाविद्यालयांचे चालक अडाणी आहेत म्हणून असे घडते काय? तसे नाही. ज्या गोष्टीची मोजदाद होते तिच्याकडेच माणसाचे लक्ष जाते, हा व्यवहाराचा नियम आहे. 'नॅक'च्या मूल्यमापनात विद्यार्थी आणि संगणक यांचे प्रमाण हा एक निकष दीर्घकाळ राहिला. किती विद्यार्थ्यांमागे एक संगणक हे त्यात कळते; तो संगणक कुलूपबंद खोलीत आहे की विद्यार्थ्याच्या हाताखाली आहे, हे कळत नाही. लेखापरीक्षक डेडस्टॉक रजिस्टरमधील नोंद आणि खोलीतील नग जुळतात की नाही, एवढेच पाहतो. तीन दरपत्रके मागवून त्यांतील सर्वांत कमी दर स्वीकारला की खरेदी समिती आक्षेपातून सुटते. त्यात मार्चअखेरची घाई. अशा परिस्थितीत कमी रॅमचे, पुढे वाढ करण्यास जागा नसलेले आणि एकाच वर्षाची हमी असलेले यंत्र कागदावर जिंकते, आणि तिसऱ्या वर्षी ते कोपऱ्यात जाऊन बसते.

अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्यांना रॉबर्ट सोलो यांचे नाव परिचित आहे. संगणकयुग सर्वत्र दिसत असूनही उत्पादकतेच्या आकड्यांत मात्र ते आढळत नाही, अशा आशयाचे निरीक्षण त्यांनी १९८७ मध्ये नोंदविले होते. त्याचे एक मार्मिक स्पष्टीकरण आर्थिक इतिहासकार पॉल डेव्हिड यांनी १९९० मध्ये दिले. अमेरिकेतील कारखान्यांत वीज आली तरी कित्येक वर्षे उत्पादकता वाढली नव्हती. कारण मालकांनी वाफेच्या इंजिनाच्या जागी विजेची मोटर बसविली, पण कारखान्याची मांडणी व कामाची पद्धत जुनीच ठेवली. मांडणी बदलली तेव्हाच विजेचा लाभ हाती आला. आपल्या महाविद्यालयांनी टंकलेखन यंत्राच्या जागी संगणक ठेवला आहे; पण वेळापत्रक, कुलूप-किल्ली आणि हिशेबाची वही ही तीनही जुनीच राहिली आहेत.

चार दशकांची शिकवण

या देशात शिक्षणासाठी संगणक घेण्याचा अनुभव आता चार दशकांचा झाला आहे. १९८४ मध्ये केंद्र सरकारने 'क्लास' हा प्रकल्प सुरू केला आणि सुमारे अडीचशे शाळांत ब्रिटनमधील 'बीबीसी मायक्रो' ही यंत्रे बसविली. कल्पना काळाच्या पुढची होती. पण भारतीय भाषांतील पाठ्यसामग्री, शिक्षकांची तयारी आणि दुरुस्तीची सोय या गोष्टी यंत्रांच्या वेगाने पोहोचल्या नाहीत. चपला बाहेर काढून आत जावयाची, धुळीपासून जपलेली आणि बहुधा बंद असलेली 'कॉम्प्युटरची खोली' ही प्रतिमा आपल्या शिक्षणसंस्थांत रुजली ती त्या पहिल्या दशकांत.

पुढे स्वस्त यंत्राची मोहिनी पडली. निकोलस निग्रोपाँटी यांच्या 'प्रत्येक मुलाला एक लॅपटॉप' या चळवळीचा प्रयोग २००७ मध्ये आपल्याच रायगड जिल्ह्यातील खैरात या छोट्या गावच्या शाळेत झाला. भारत सरकारने मात्र ती योजना २००६ मध्येच नाकारली होती. ज्या पेरू देशाने आठ लाखांहून अधिक लॅपटॉप वाटले, तेथील ३१९ शाळांची पाहणी आंतर-अमेरिकी विकास बँकेच्या अभ्यासकांनी केली. मुलांच्या गणितातील व भाषेतील गुणांत लॅपटॉपमुळे वाढ झाल्याचा पुरावा मिळत नाही, असा निष्कर्ष २०१२ मध्ये पुढे आला. ५ ऑक्टोबर २०११ रोजी आपल्याकडे 'आकाश' हा टॅब्लेट मोठ्या समारंभाने जाहीर झाला. शासनाला सुमारे २,२७६ रुपयांना पडणारे हे उपकरण महाविद्यालयीन विद्यार्थ्यांसाठीच होते. परंतु २५६ एमबी मेमरी, मंद प्रोसेसर, दाबल्याशिवाय न कळणारा पडदा आणि लवकर उतरणारी बॅटरी यांमुळे पहिल्याच तुकडीतून तक्रारी आल्या. किंमत आधी ठरविली आणि काम नंतर शोधले, की असे होते.

याच्या उलट उदाहरण केरळचे आहे. तेथे 'आयटी अॅट स्कूल' हा प्रकल्प २००१ मध्ये सुरू झाला. त्याने परवान्याचे पैसे न लागणारी लिनक्स ही मुक्त प्रणाली स्वीकारली, ती मल्याळमसाठी जुळवून घेतली आणि शिक्षकांना शिकविण्यावर भर दिला. पुढे २०१७ मध्ये या प्रकल्पातून 'काइट' ही शासकीय कंपनी उभी राहिली आणि २०१८ पासून शाळाशाळांत 'लिटल काइट्स' ही विद्यार्थ्यांची मंडळे काम करू लागली. यंत्रांची किरकोळ देखभाल आणि इतर मुलांना मदत ही कामे या मंडळांतील मुले शिकतात. केरळने काही जगावेगळी यंत्रे विकत घेतली नव्हती. माणसे तयार करण्याचा खर्च त्या राज्याने यंत्राच्या किमतीतच धरला, एवढाच काय तो फरक.

ज्याचे जसे काम, तसे यंत्र

सर्वांना एकाच नमुन्याचे यंत्र हा आपल्या खरेदीचा दुसरा दोष. महाविद्यालयात संगणकाचे चार प्रकारचे ग्राहक असतात आणि त्यांच्या गरजा निरनिराळ्या असतात.

पहिला ग्राहक म्हणजे कार्यालय. 'महाडीबीटी'वरील शिष्यवृत्तीचे अर्ज, 'सेवार्थ'मधील वेतनदेयके, परीक्षेचे आवेदनपत्र, शुल्काचा हिशेब ही सगळी कामे येथे होतात. विद्यार्थ्यांचे आधार क्रमांक, बँक खाती आणि जातीचे दाखले येथेच साठविलेले असतात. म्हणून नवी, सुरक्षा-दुरुस्त्या मिळणारी यंत्रे घ्यावयाची तर ती प्रथम कार्यालयाला दिली पाहिजेत. आज बहुधा उलट घडते आणि प्रयोगशाळेने टाकून दिलेले यंत्र लिपिकाच्या टेबलावर येते. फार वेगवान प्रोसेसर येथे लागत नाही. मोठा पडदा, आठ जीबी रॅम व ती वाढविण्यास मोकळी जागा, एसएसडी, खात्रीचा युपीएस आणि माहितीची रोज एक प्रत वेगळ्या ठिकाणी ठेवण्याची व्यवस्था लागते. त्याबरोबरच मराठी इनस्क्रिप्ट कळफलक आणि युनिकोडचा आग्रह हवा. जुन्या फाँटमध्ये टंकलेली परिपत्रके दुसऱ्या यंत्रावर उघडताच निरर्थक चिन्हांची रांगोळी होते, हा अनुभव नसलेला लिपिक विरळा.

दुसरा ग्राहक शिक्षक. त्याला वर्गावर्गात फिरावे लागत असल्याने लॅपटॉप द्यावा, असे सुचते. परंतु प्रक्षेपकाच्या केबलशी झगडण्यात तासाची पहिली दहा मिनिटे जाणार असतील तर त्यापेक्षा प्रत्येक वर्गात प्रक्षेपकाला कायम जोडलेला एक लहानसा संगणक असणे अधिक उपयोगाचे. पूर्णवेळ शिक्षक स्वतःचा लॅपटॉप घेऊ शकतो, आणि बहुतेकांनी तो घेतलेलाही आहे. तासिका तत्त्वावर काम करणाऱ्या तरुण सहकाऱ्याची गोष्ट वेगळी आहे. त्याचे मानधन अनिश्चित, आणि अध्यापनाचा भार मात्र पुष्कळदा त्याच्यावरच अधिक. संस्थेला लॅपटॉप द्यावयाचेच असतील तर त्यांवर पहिला हक्क त्याचा आहे.

तिसरा ग्राहक प्रयोगशाळा. येथे डेस्कटॉपला पर्याय नाही. कारण त्याचा प्रत्येक भाग सुटा बदलता येतो. लॅपटॉपची बॅटरी, बिजागरी किंवा कळफलक गेला की दुरुस्तीचा खर्च झेपत नाही. सर्व यंत्रे शक्यतो एकाच नमुन्याची असावीत. म्हणजे एका निकामी यंत्राच्या भागांवर दुसरी चार चालतात. वायफायपेक्षा केबलचे जाळे टिकाऊ. संगणकशास्त्राच्या विद्यार्थ्याला लागणारी सी, जावा, पायथन, पोस्टग्रेस ही सगळी साधने मुक्त प्रणालीवर विनाशुल्क चालतात. सांख्यिकीसाठी 'आर' आणि साध्या हिशेबासाठी 'लिब्रेऑफिस' आहे. मुंबईच्या आयआयटीच्या 'स्पोकन ट्युटोरियल' प्रकल्पाने यांतील अनेक साधनांचे पाठ मराठीतही उपलब्ध केले आहेत. वाणिज्य शाखेची गोष्ट मात्र वेगळी. टॅली विंडोजवर चालते आणि सातपूर-अंबडच्या कारखान्यांत हिशेबनीसाची नोकरी हवी असेल तर ती आलीच पाहिजे. तिच्या शैक्षणिक आवृत्तीस पैसे लागत नाहीत. महिन्याच्या १, २ आणि ३१ तारखांनाच नोंदी घालता येतात, एवढेच तिचे बंधन. शिकण्यासाठी ते पुरेसे आहे. तात्पर्य, एक प्रयोगशाळा विंडोज-११ वर आणि उरलेल्या लिनक्सवर, अशी वाटणी बहुतेक महाविद्यालयांना पुरावी.

घरी यंत्र नाही, त्याचे काय?

चौथा ग्राहक स्वतः विद्यार्थी, आणि खरा प्रश्न त्याचाच आहे. राष्ट्रीय नमुना पाहणीच्या ७५ व्या फेरीत, म्हणजे २०१७-१८ मध्ये, संगणक असलेल्या कुटुंबांचे प्रमाण ग्रामीण भागात ४.४ टक्के आणि शहरी भागात २३.४ टक्के आढळले होते. त्यानंतर २०२० ची टाळेबंदी आली, ऑनलाइन वर्ग आले आणि हातोहाती स्मार्टफोन आले. पण फोन म्हणजे संगणक नव्हे. फोनवर व्याख्यान पाहता येते, टिपणे वाचता येतात; वीस पानांचा प्रकल्प-अहवाल लिहिता येत नाही, ताळेबंदाची तक्ते भरता येत नाहीत, आणि प्रोग्रॅममधील चूक शोधणे तर जवळजवळ अशक्य.

सातपूरच्या कामगार वस्तीतील विद्यार्थी डोळ्यांपुढे आणावा. दोन खोल्यांच्या घरात चार-पाच माणसे; वडील पाळीवर; मुलगा स्वतःही एखाद्या वर्कशॉपमध्ये किंवा दुकानात अर्धवेळ कामाला. त्याला संगणकासमोर बसण्याची एकमेव जागा म्हणजे महाविद्यालयाची प्रयोगशाळा. आणि ज्या वेळी तो मोकळा असतो, नेमक्या त्याच वेळी ती बंद असते. त्याच्या शेजारी बसणाऱ्या सुखवस्तू विद्यार्थ्याला घरी आठ तास मिळतात आणि याला आठवड्यातून प्रात्यक्षिकाचे दोन-चार तास. त्यातही एका यंत्रावर दोघे. परीक्षेत दोघांपुढे एकच प्रश्नपत्रिका येते. पुढे मुलाखतीत एकाची बोटे कळफलकावर सहज फिरतात, दुसऱ्याची अडखळतात. आणि आपण त्याला गुणवत्तेतील फरक म्हणतो.

शासनाने प्रत्येकाला लॅपटॉप वाटावा, हे त्यावरचे उत्तर तामिळनाडूने २०११ पासून मोठ्या प्रमाणावर अवलंबिले. त्याची योग्यायोग्यता हा स्वतंत्र विषय आहे. एका महाविद्यालयाच्या आवाक्यातले उत्तर वेगळे आणि स्वस्त आहे. प्रयोगशाळा सकाळी आठ ते रात्री आठ उघडी ठेवावी. काही लॅपटॉप ग्रंथालयाच्या पुस्तकाप्रमाणे आठवड्याच्या बोलीने घरी द्यावेत. आणि परीक्षेच्या काळात तरी रविवारची सुटी प्रयोगशाळेला नसावी.

जुनी यंत्रे फेकण्यापूर्वी

आता त्या बाद ठरलेल्या यंत्रांकडे वळू. पहिली गोष्ट, घाबरून जाण्याचे कारण नाही. परवाना-कराराखालील शैक्षणिक संस्थांसाठी मायक्रोसॉफ्टने विंडोज-१० च्या वाढीव सुरक्षा-दुरुस्त्या यंत्रामागे पहिल्या वर्षी एक, दुसऱ्या वर्षी दोन आणि तिसऱ्या वर्षी चार डॉलर अशा नाममात्र दराने देऊ केल्या. म्हणजे सगळी यंत्रे एका मार्चअखेरीत बदलण्याची सक्ती नाही. ऑक्टोबर २०२८ पर्यंत टप्प्याटप्प्याने जाता येते. दुसरी गोष्ट, जुन्या यंत्राची मंदगती बहुधा त्याच्या फिरत्या हार्ड डिस्कमुळे असते. तिच्या जागी एसएसडी बसविली, रॅम आठ जीबी केली आणि लिनक्स घातली, की २०१४-१५ चे यंत्रही प्रोग्रॅमिंगला, लेखनाला आणि इंटरनेटवरील वाचनाला उत्तम चालते. अशा डागडुजीला पाच हजार रुपये लागले, यंत्र आणखी तीन वर्षे चालले आणि वार्षिक खर्च सहा हजार धरला, तर एकूण २३ हजार रुपयांत ५,२८० तास मिळतात. ताशी दर साडेचार रुपयांच्या आत. नव्या यंत्राच्या निम्माही नाही.

येथे एक सावधगिरी हवी. कृत्रिम प्रज्ञेच्या प्रचंड माहिती-केंद्रांनी मेमरी-चिपांची मागणी वाढविल्यामुळे २०२५ च्या अखेरीस रॅमचे भाव कडाडले. मायक्रॉन कंपनीने तर डिसेंबर २०२५ मध्ये 'क्रूशियल' या नावाने चालणारा आपला किरकोळ ग्राहकांचा व्यवसायच आवरता घेण्याचे जाहीर केले. तेव्हा डागडुजीचा खर्च त्या दिवसाचा बाजारभाव पाहूनच धरावा, आणि निकामी यंत्रांतून निघणारी रॅम भंगारात न घालता जपून ठेवावी. जी यंत्रे खरोखरच मोडीत काढावयाची, त्यांची डिस्क आधी कोरी करावी आणि मग ती नोंदणीकृत पुनर्प्रक्रिया केंद्राकडेच द्यावीत. १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या ई-कचरा नियमांची अपेक्षा तीच आहे. गोणीने भंगारवाल्याला विकलेल्या यंत्राबरोबर दहा वर्षांच्या विद्यार्थ्यांची माहितीही विकली जाते.

दोन आक्षेप

यावर दोन आक्षेप येतील. पहिला असा की, गरीब विद्यार्थ्यांच्या माथी जुनी यंत्रे मारणे हा दुजाभाव आहे. आक्षेप गंभीर आहे. डागडुजी केलेली यंत्रे प्रथम वर्षाच्या सर्वच विद्यार्थ्यांना सारखी दिली तर दुजाभावाचा प्रश्न येत नाही. शिवाय अशा डागडुजीतून वाचलेला पैसा प्रयोगशाळा रात्रीपर्यंत उघडी ठेवण्यासाठी खर्च करावयाचा आहे, ही अट सुटता कामा नये. ती सुटली तर आक्षेप खरा ठरेल. नव्या कोऱ्या यंत्रांनी सजलेली पण दुपारी कुलूप लागणारी प्रयोगशाळा मात्र गरिबाशी आजच दुजाभाव करीत आहे, हेही विसरू नये.

दुसरा आक्षेप असा की, कृत्रिम प्रज्ञेच्या या काळात कमी ताकदीची यंत्रे ठेवून विद्यार्थी मागे पडतील. वस्तुतः मोठ्या प्रतिमानांचे गणन विद्यार्थ्याच्या टेबलावर होतच नाही. ते दूरच्या सर्व्हरवर होते आणि 'गुगल कोलॅब'सारख्या सेवेपर्यंत साध्या यंत्रावरील ब्राउझरमधूनही पोहोचता येते. ज्या विभागाला स्वतःचे प्रयोग करावयाचे आहेत त्याच्यासाठी ग्राफिक कार्ड असलेली एक-दोन बलवान यंत्रे घ्यावीत आणि वेळ नेमून सर्वांनी वापरावीत. चाळीस मध्यम यंत्रांवर थोडी थोडी ताकद पसरून काहीच साधत नाही. वर्कशॉपमध्येही प्रत्येक कामगारासमोर सीएनसी यंत्र नसते.

माणसाशिवाय यंत्र नाही

सर्वांत अवघड प्रश्न राहतोच : रात्री आठपर्यंत प्रयोगशाळा उघडणार कोण? शिक्षकेतर पदे वर्षानुवर्षे रिक्त आहेत. आहे त्या प्रयोगशाळा सहायकावर परीक्षेचे कामही असते. त्याच्या माथी आणखी चार तास मारणे अन्यायाचे होईल. परंतु पुणे विद्यापीठाची कर्मवीर भाऊराव पाटील यांच्या नावाची 'कमवा व शिका' योजना आपल्या हाताशी आहे. तिच्यातील विद्यार्थी बागेत आणि ग्रंथालयात काम करू शकतात, तर प्रशिक्षण घेऊन संध्याकाळच्या प्रयोगशाळेत का करू शकणार नाहीत? केरळच्या शाळकरी मुलांना जे जमते ते आपल्या पदवीच्या विद्यार्थ्यांना जमणार नाही असे नाही. सातपूरच्या शासकीय औद्योगिक प्रशिक्षण संस्थेशी जवळच्या महाविद्यालयांनी बोलणे केले तर हार्डवेअर-दुरुस्तीचे पाठही गावातल्या गावात मिळू शकतील.

दुसऱ्यांच्या इमारती फावल्या वेळात वापरून शिक्षण उभे करता येते, हेही नाशिकला नवे नाही. १९८९ मध्ये येथे स्थापन झालेल्या यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठाची अभ्यासकेंद्रे राज्यभर इतर महाविद्यालयांच्याच वर्गखोल्यांत भरत आली आहेत. त्याच न्यायाने दोन-तीन शेजारी महाविद्यालयांनी आपल्या प्रयोगशाळा संध्याकाळी आळीपाळीने उघड्या ठेवल्या आणि परस्परांच्या विद्यार्थ्यांना प्रवेश दिला, तर खर्चही वाटला जाईल. संस्थांमधील अभिमानाच्या भिंती आड येतील हे खरे. पण त्या भिंती विद्यार्थ्याच्या पैशाने बांधलेल्या नाहीत.

खरेदीच्या नियमांत करावयाचे बदल थोडेच आहेत. दरपत्रकात यंत्राच्या किमतीबरोबर निदान तीन, शक्य तर पाच वर्षांची जागेवर येऊन दुरुस्तीची हमी मागावी आणि तुलना या एकत्रित रकमेची व्हावी. एकूण तरतुदीचा काही भाग देखभालीसाठी आधीच बाजूला काढल्याशिवाय नव्या यंत्राची मागणी मंजूर होऊ नये. प्रत्येक प्रयोगशाळेत डेडस्टॉक रजिस्टरच्या शेजारी दुसरे एक रजिस्टर असावे : कोणते यंत्र महिन्याभरात किती तास चालले, किती दिवस बंद राहिले, दुरुस्तीला किती दिवस लागले. हे काम आज संगणक स्वतःच करू शकतो. त्या रजिस्टरमधील आकडे वर्षाअखेर सूचनाफलकावर लागले, तर आपल्या शुल्कातून घेतलेल्या यंत्रांचे काय झाले हे विद्यार्थ्यांना कळेल, आणि 'नॅक'सारख्या संस्थांना मोजण्याजोगे काही खरे हाती लागेल.

यांपैकी कोणत्याही गोष्टीला शासन-निर्णयाची वाट पाहावी लागत नाही. खरेदी समितीवर शिक्षक असतात, तिच्या टिपण्या लिपिक लिहितात, आणि विद्यार्थ्यांचे प्रतिनिधी निदान विचारू तरी शकतात. येत्या मार्चपूर्वी दरपत्रकांचे लखोटे उघडले जातील तेव्हा त्या टेबलावर गेल्या वर्षीच्या वापराचे तास मांडलेले असावेत, एवढाच आग्रह या तिघांनी धरावा. ते तास मांडता येत नसतील, तर लखोटे त्या दिवशी न उघडलेलेच बरे.